पाहिले, ऐकले, वाचले : औंढा नागनाथची एक अभ्यासभेट

सहल म्हटली की आमच्या महाविद्यालयात पहिल्यांदा वेरूळ-अजिंठ्याचे नाव निघते, नंतर रायगडाचे, आणि कोणी फारच उत्साही असेल तर हंपीचे. यंदा इतिहास मंडळाची अभ्याससहल औंढा नागनाथला जाणार अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा वर्गात नाराजीची कुजबुज झाली. औंढ्याला काय पाहायचे? हिंगोलीहून एसटीत बसले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर औंढा. तेथे कोणी पाहायला जात नाही, दर्शनाला जाते. माझी नाराजी तर सर्वांहून अधिक होती. माझे गाव त्याच तालुक्यातले. आजीचे बोट धरून दर श्रावणात मी औंढ्याला गेलेली आहे.

आमच्या इतिहासाच्या सरांनी ही कुजबुज ऐकली आणि एवढेच म्हणाले, "ज्या गावाला तुम्ही इतक्या वेळा गेलात, तिथली एक तरी भिंत तुम्हाला आठवते का?" कोणीच उत्तर दिले नाही. मग त्यांनी प्रत्येकाला वहीच्या पानावर तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्याचे नाव 'पाहिले', दुसऱ्याचे 'ऐकले' आणि तिसऱ्याचे 'वाचले'. अट एकच होती. एका रकान्यातील गोष्ट दुसऱ्यात घालायची नाही, आणि कोणताही रकाना रिकामा सोडायचा नाही.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या तीन रकान्यांची हकीकत आहे. लहान ऐतिहासिक गाव कसे पाहावे, याविषयी मला जे शिकायला मिळाले ते माझ्या बंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

गावाची ओळख

हिंगोली जिल्हा हा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन तो निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे त्याचे पाच तालुके. त्यापूर्वीचा इतिहास मराठवाड्याचाच इतिहास आहे. यादव, बहामनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादचे निजाम अशा अनेक सत्ता या भागाने पाहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात.

महाराष्ट्रातील पाच ज्योतिर्लिंगे म्हणून त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ यांची नावे आपण लहानपणापासून ऐकतो. नागेश ज्योतिर्लिंगाचा मान गुजरातेत द्वारकेजवळील नागेश्वराकडे आणि उत्तराखंडातील जागेश्वराकडेही सांगितला जातो. आमच्या भागातील माणसाला मात्र या वादाशी कर्तव्य नाही. त्याचा नागनाथ औंढ्यालाच आहे. भाविकांच्या दृष्टीने औंढा प्रसिद्ध आहे यात शंका नाही. परंतु जे दर्शन घेऊन, प्रसादाची पुडी बांधून परत फिरतात, त्यांना गाव माहीत होते असे म्हणता येणार नाही. त्यांत मीही होते.

पहिला रकाना : पाहिले

डिसेंबरातील साधा वार होता. गर्दी नव्हती. सरांनी आम्हांला आत जाऊ दिले नाही. प्रथम देवळाला बाहेरून तीन फेऱ्या घालायला लावल्या. पहिल्या फेरीत फक्त वर पाहायचे, दुसरीत मध्ये आणि तिसरीत खाली.

या तीन फेऱ्यांतच माझा अर्धा अभ्यास झाला. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा आणि शिखराचा भाग विटा व चुन्याचा, ही गोष्ट मी जन्मात कधी पाहिली नव्हती. दोन्ही भाग एकाच हाताचे नाहीत हे सांगायला इतिहासाचा पदवीधर नको. आमच्या गावातील जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यावर पुढच्या पिढीने विटांची भिंत उभी केली, तशीच ही रचना दिसते. खालचा दगड कोरीव, वरचे काम साधे. मध्ये काहीतरी घडले, आणि त्यानंतर कोणीतरी पुन्हा उभे केले, हे देऊळ स्वतःच सांगते.

भिंत सरळ नाही. ती कोनाकोनांनी पुढेमागे होत जाते, त्यामुळे ऊन एका अंगावर पडते तेव्हा शेजारचे अंग सावलीत असते. खाली हत्तींच्या रांगा, वर देवदेवतांच्या मूर्ती. अर्धे अंग शिवाचे व अर्धे पार्वतीचे अशी मूर्ती पाहिली. अनेक मूर्तींचे हात, नाक, चेहरे भंगलेले आहेत. हत्तींच्या रांगेवरून मी हात फिरवला. लहानपणी आजी याच हत्तींना हात लावून तो डोळ्यांना लावायला सांगत असे. तेव्हा हाताला दगडाचा गारवा कळला होता. हत्ती कळला नव्हता.

नंतर आत गेलो. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. अरुंद, ठेंगण्या वाटेने वाकून उतरावे लागते. खाली दोनचार माणसे बसली की जागा संपते. भोवती एवढे मोठे देऊळ आणि देव इतक्या लहान जागेत, याचे नवल वाटले.

बाहेर येऊन शेवटची नोंद केली. शंकराच्या देवळात नंदी समोर असतो. औंढ्याचा नंदी पाठीमागे आहे. पहिल्या रकान्यात मी लिहिले, 'नंदी देवळाच्या मागे.' आणि येथेच पहिला रकाना संपून दुसरा सुरू झाला, कारण तो नंदी मागे का, याचे उत्तर औंढ्यात लहान मूलही देते.

दुसरा रकाना : ऐकले

संत नामदेवांचे नरसी हे गाव आमच्याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म इ. स. १२७० चा आणि समाधी १३५० ची, पंढरपूरची. जातीने ते शिंपी. त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे.

आमच्याकडे सांगतात की, संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले. सगळे गप्प राहिले, नामदेव मात्र रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडके अजून कच्चे आहे. दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले, तो विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा झालो, जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे ठेवले तिकडे पिंडी उभी राहिली.

दुसरी कथा देऊळ फिरल्याची. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना हलक्या जातीचा म्हणून उठवले आणि मागे जायला सांगितले. नामदेवांनी आपली घोंगडी उचलली, देवळामागे जाऊन बसले आणि तेथे गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरले. तोंड नामदेवांकडे झाले, पाठ पुजाऱ्यांकडे. नंदी तेवढा जागचा हलला नाही. म्हणून तो मागे राहिला.

ही कथा मला आजीने किती वेळा सांगितली असेल, त्याला मोजमाप नाही. तिला अक्षरओळख नाही. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मीच पहिली. त्यामुळे शाळेत जाण्यापूर्वी मला जे काही 'येत' होते ते सारे तिनेच दिलेले होते. औंढ्याला गेलो की समोरच्या गर्दीत न शिरता ती आधी देवळामागे जाई, तेथे डोके टेकवी आणि म्हणे, "इथं नामदेव बसले व्हते."

दुसऱ्या रकान्यात आणखी दोन गोष्टी लिहिल्या. देवळाचा वरचा भाग औरंगजेबाच्या काळात पाडला गेला असे येथे सांगतात, आणि तो अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधून दिला असेही सांगतात.

एक चूक

सहलीवरून घरी गेले त्या रात्री माझ्या हातून एक चूक झाली. ती या लेखात सांगणे मला आवश्यक वाटते.

आजीने विचारले, "काय पाहिलंस गं?" मी नव्या ज्ञानाच्या भरात होते. तिला दगडाचा भाग आणि विटांचा भाग सांगितला. मग म्हणाले, "आणि आजी, देऊळ फिरलं बिरलं काही नाही. एवढं दगडाचं देऊळ कसं फिरेल? ती नुसती गोष्ट आहे."

आजी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग मी इतकी वर्सं खोटंच सांगत आले व्हय गं?"

मला उत्तर सुचले नाही. तिने पुढे काही विचारलेही नाही. चुलीतली लाकडे मागे ओढली आणि ती अंथरुणावर जाऊन पडली. जिने मला शिकायला पाठवावे म्हणून वडिलांशी भांडण केले, तिलाच माझ्या शिक्षणाने पहिल्या वर्षी-दोन वर्षांत खोटे ठरवले होते.

तिसरा रकाना : वाचले

परत आल्यावर मी सरांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तुझा तिसरा रकाना अजून रिकामा आहे. तो भरल्याशिवाय निकाल कसा दिलास?"

म्हणून ग्रंथालयात बसले. प्रथम 'हेमाडपंती' या शब्दाचा शोध घेतला. आपण काळ्या दगडाचे कोणतेही जुने देऊळ दिसले की हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. हेमाद्रि किंवा हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून बांधण्याची ही पद्धत त्याच्या आधीपासून चालत आलेली होती. नाव मात्र त्याचे चिकटले. औंढ्याचे दगडी काम यादवकाळातील, साधारण तेराव्या शतकातील मानले जाते.

मग मी सनावळी मांडली. नामदेव १२७० ते १३५०. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी १२९६ ची. म्हणजे नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे. ज्या हत्तींच्या रांगेला मी हात लावला, ती रांग नामदेवांनीही पाहिली असेल असे म्हणायला जागा आहे. औरंगजेबाची कारकीर्द १६५८ ते १७०७. अहिल्याबाईंचा काळ १७२५ ते १७९५. काशी आणि सोमनाथ येथील त्यांचे बांधकाम सर्वज्ञात आहे. विटाचुन्याचा वरचा भाग दगडी भागाहून नंतरचा आहे हे मी डोळ्यांनी पाहिलेच होते. येथे 'पाहिले' आणि 'ऐकले' हे दोन रकाने एकमेकांच्या जवळ आले.

परंतु खरा धक्का पुढे होता. नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले अशी परंपरा आहे. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते. एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. ही पदे गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आदिग्रंथात समाविष्ट झाली. देवनागरीत छापलेली ती पदे सरांनी माझ्या हाती दिली. भाषा जुनी हिंदी, पण कान लावला तर मराठी माणसाला बरीच कळते.

त्यांतील भैरव रागातील एक पद वाचताना मी थांबले. आपण हसतखेळत देवळात आलो, भक्ती करीत असताना आपल्याला धरून उठवले, असे त्यात नामदेव सांगतात. आपली जात हीन, शिंप्याच्या पोटी आपण का जन्मलो, असे ते देवालाच विचारतात. मग आपली कांबळ घेऊन देवळामागे जाऊन बसतात. आणि जसजसे हरीचे गुण गाऊ लागतात, तसतसे देऊळ भक्ताकडे फिरते.

त्या पदात गावाचे नाव नाही. ते औंढ्याचेच वर्णन आहे असे लिहिले तर सर लाल रेघ मारतील, आणि ते योग्यच होईल. परंतु एवढे निश्चित की, आजी सांगते ती कथा १६०४ साली, म्हणजे औरंगजेब गादीवर येण्याच्या चोपन्न वर्षे आधी, आमच्यापासून शेकडो कोस दूर पंजाबात लिहून ठेवलेली होती. गुरुमुखी लिपीत ती ग्रंथात राहिली आणि आमच्या भागात अक्षर न येणाऱ्या बायकांच्या तोंडी राहिली. दोन्हीकडे शिंपी आहे, दोन्हीकडे देवळाची मागची बाजू आहे. आणि दोन्हीकडे ती घोंगडी आहे.

कथेला कोणता प्रश्न विचारावा?

देऊळ खरोखर फिरले काय, हा प्रश्न भिंतीला विचारायचा. त्याचे उत्तर दगडाच्या वजनात आहे, आणि ते मी आजीला दिले ते चुकीचे नव्हते. परंतु कथेला विचारण्याचा प्रश्न तो नव्हेच. देऊळ फिरावे असे कोणाला वाटले? का वाटले? हा प्रश्न कथेला विचारला पाहिजे.

ज्यांना समोर उभे राहू दिले नाही त्यांनी ही कथा जतन केली. देवाजवळ जायला आपल्याला वाट नसेल तर देवच वळून आपल्याकडे पाहील, अशी त्यांची खात्री होती. या खात्रीला इतिहासात जागा आहे. एखाद्या ताम्रपटावरून राजाने कोणाला किती जमीन दिली हे कळते. परंतु त्या काळी देवळामागे बसलेल्या माणसाच्या मनात काय होते, हे ताम्रपट सांगत नाही. ते ही कथा सांगते. विसोबांची कथाही तेच सांगते. देव नाही अशी जागा दाखव, असे म्हणणाऱ्या गुरूच्या शिष्याला समोर काय आणि मागे काय!

असे फिरणे जगात अन्यत्रही दिसते. युरोपच्या आग्नेय भागात, क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिट नावाचे गाव आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियनने चौथ्या शतकाच्या आरंभी तेथे आपल्यासाठी राजवाडा व समाधी बांधली. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा फार छळ केला. पुढे लोक त्या राजवाड्यातच घरे करून राहिले, आणि सम्राटाची समाधी हे त्याच ख्रिस्ती लोकांचे चर्च झाले. तेथे एकही दगड फिरला नाही, तरी इमारत फिरली असेच म्हणावे लागेल. ते गाव मी पाहिलेले नाही. पुस्तकात वाचले, आणि औंढ्यामुळे समजले.

गाव पाहणाऱ्यांसाठी

या भेटीतून जे हाती लागले ते थोडक्यात असे. लहान गावी गेल्यावर प्रथम इमारतीभोवती फिरावे आणि तिची पाठ पाहावी. पुढची बाजू नेहमी रंगवलेली असते, पाठ खरे बोलते. कोठे दगड संपतो आणि वीट लागते, ती रेषा शोधावी. त्यानंतर गावातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, मध्ये आपले शहाणपण घालू नये. शेवटी ग्रंथालयात जाऊन सनावळी लावावी. तिन्ही रकाने वेगळे ठेवावेत, पण एकासाठी दुसरा फाडून टाकू नये.

हे काम लवकर करायला हवे. औंढ्याच्या परिसरात आता 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या काटकोनातील दोन भुजांनी ती गुरुत्वीय लहरींचा वेध घेणार आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी आकाशात घडलेल्या घटनेचा अतिसूक्ष्म कंप पकडण्याचे हे यंत्र! देशोदेशींचे विद्वान उद्या औंढ्याला येतील आणि विचारतील, हे गाव कोणते? त्या वेळी आपल्याजवळ तीन रकाने भरलेले असावेत. इतक्या दुरून आलेला कंप ऐकणाऱ्या वेधशाळेच्या शेजारी राहून आपल्या घरातल्या म्हातारीचे शब्द आपण ऐकले नाहीत, असे होऊ नये.

दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता मी त्याच शनिवारी गावी गेले. रात्री जेवणे झाल्यावर आजीला ते पद वाचून दाखवले. ओळ वाचायची आणि अर्थ सांगायचा, असे चालले होते. ती डोळे मिटून ऐकत होती. नामदेव कांबळ घेऊन देवळामागे गेले येथपर्यंत मी आले, तशी तिने डोळे उघडले.

"घोंगडीच ना ती?" ती म्हणाली.

"हो, घोंगडीच."

"मंग? मी काय सांगत व्हते?"

तिसऱ्या रकान्यात त्या रात्री मी एक नोंद केली. आजीचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले : 'ग्रंथाशी ताडून पाहिले. घोंगडीसह जुळते.'